फॉरमॅट मारण्याआधी मशीन आपलं करून घ्या

तुमचा प्रश्न असा: अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचा टॉवेलचा कारखाना आहे, वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची आहे. त्यासाठी पुण्याच्या एका डीलरकडून कंपनीतून निघालेले सहा डेल ऑप्टिप्लेक्स, म्हणजे ऑफिसात वापरतात ते डेस्कटॉप, एकदम उचललेत. चार ३०२० मॉडेलचे, त्यांत विंडोज ७. एक ३०५० आणि एक ३०६०, त्या दोन्हींत विंडोज १०. सगळ्यांना रिसेट कसं मारायचं आणि सगळ्यांवर विंडोज ११ बसेल का, एवढंच तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की ३०६० चालू केला की कुठल्यातरी कंपनीचं नाव येतं आणि ऑफिसचा ईमेल मागतो.

ते जाता जाता लिहिलेलं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मी सोलापुरात एकवीस वर्षं हेच काम करतोय. जुनं मशीन घेऊन आलेला माणूस काउंटरवर ठेवतानाच म्हणतो, "मालक, जरा फॉरमॅट मारून द्या की." फॉरमॅट मारणं तासाभराचं काम, आमचा पोरगा चहा पिता पिता करतो. पण मशीन आधी खरंच तुमचं झालंय का, आणि ते उद्या कुठलं काम करणार आहे, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय मारलेला फॉरमॅट महिन्याभरात पुन्हा दुकानात येतो. म्हणून रिसेटकडे मी जरा उशिराच येणार आहे.

पहिली गोष्ट कागदाची. डीलरने पक्कं बिल दिलंय का? त्यावर सहाही मशीनचे सर्व्हिस टॅग लिहिलेत का? हा टॅग म्हणजे डब्याच्या मागे किंवा कडेला चिकटवलेला सात अक्षर-अंकांचा नंबर. नसेल लिहिला तर आजच फोन करून मागून घ्या. कंपन्या चार-पाच वर्षांनी मशीन बदलतात आणि जुना माल लॉटने विकतात, त्यात गैर काहीच नाही. पण त्याच बाजारात चोरीचा माल आणि हिशोबातून न सुटलेला माल पण फिरतो, आणि डबा बघून फरक कळत नाही. टॅगसकट बिल हाच तुमचा सातबारा.

दुसरी गोष्ट कुलपांची. ऑफिसच्या मशीनला एक कुलूप नसतं, एकाखाली एक चार असतात, आणि लोकांना फक्त सगळ्यात वरचं दिसतं, म्हणजे विंडोजचा पासवर्ड. हे सगळ्यात कच्चं. मशीन कंपनीच्या डोमेनला, म्हणजे तिच्या मध्यवर्ती लॉगिन व्यवस्थेला, जोडलेलं असलं, जुन्या माणसाचं नाव दिसत असलं, तरी नव्याने विंडोज टाकलं की ते जातं. त्याच्या खाली कधी कधी बिटलॉकर असतं, म्हणजे डिस्कच सांकेतिक केलेली. ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. लोक घाबरतात, पण तुम्हाला जुना डेटा नकोच आहे, सगळी पार्टिशन उडवून नवं टाकायचं आहे, त्यामुळे ती की नसली तरी अडत नाही.

तिसरं बायोसचं कुलूप. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डवरचा प्रोग्राम. मशीन चालू होताना एफ-२ दाबा. सरळ आत गेलात तर ठीक. पासवर्ड मागितला तर तुम्हाला बूटचा क्रम, म्हणजे मशीन आधी कशावरून चालू व्हायचं ते, बदलता येणार नाही, काही वेळा पेनड्राइव्हवरून मशीन चालूच होणार नाही. या ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉपच्या बोर्डवर पासवर्ड काढायचा जंपर, म्हणजे दोन पिनांवरची छोटी टोपी, असतो, त्यामुळे बिल हातात असलेल्या माणसाला मार्ग आहे. लॅपटॉपचं तसं नाही. काही ऑफिस लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये बसलेला असतो आणि बॅटरी काढून काहीही होत नाही. म्हणून जुना लॅपटॉप घेताना बायोस उघडून दाखवल्याशिवाय मी पैसे मोजत नाही. डेस्कटॉपच्या बाबतीत थोडा सैल राहतो.

चौथं कुलूप मशीनमध्ये नसतंच, आणि तुमच्या ३०६० ला तेच लागलंय. मायक्रोसॉफ्टची ऑटोपायलट नावाची सोय आहे. कंपनी नवं मशीन घेते तेव्हा त्याच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आपल्या नावाने नोंदवते. मग त्या मशीनवर कितीही वेळा विंडोज टाका, पहिल्यांदा चालू होताना नेट मिळालं की ते सर्व्हरला विचारतं, "मी कुणाचं?" उत्तर येतं, अमुक कंपनीचं. डिस्क बदलली तरी उत्तर तेच. ही नोंद काढणं त्या कंपनीच्या आयटी विभागाच्या हातात. तुमच्या नाही, माझ्याही नाही.

यात मी स्वतः हात पोळून घेतलाय. काही वर्षांपूर्वी एका डीलरकडून बारा लॅपटॉपचा लॉट घेतला. सगळे छान चालू, आत विंडोज, साधं लोकल खातं. आठ विकले. सहा महिन्यांनी जुळे सोलापुरातला एक ग्राहक आला. मुलाने रिसेट मारलं होतं आणि पडद्यावर एका कंपनीचं नाव, खाली पासवर्डची चौकट. तो माझ्याकडे असा बघत होता जणू मीच चोरी केली. डीलरने काय केलं होतं ते मग लक्षात आलं: विंडोज टाकताना नेटच जोडलं नव्हतं. नेट नाही, त्यामुळे सर्व्हरला विचारणं नाही, त्यामुळे सगळं गोड. मी आठही परत घेतले. डीलरने चारांची नोंद कंपनीकडून काढून आणली, बाकीच्यांचं नुकसान माझ्या खिशातून गेलं. तेव्हापासून विंडोज १० किंवा ११ असलेलं ऑफिस मशीन मी नेट जोडून, पहिल्या पडद्यापासून सुरू करून बघितल्याशिवाय घेत नाही. तुमच्या ३०५० वर हे आजच करून बघा. वर वर ठीक दिसतंय एवढ्यावर जाऊ नका.

कुलपं उघडी आहेत हे कळलं की पुढचा प्रश्न जुन्या डेटाचा. लोक म्हणतात, आपल्याला काय त्याचं, कंपनीचा डेटा कंपनी बघेल. माझ्याकडे आलेल्या डिस्कमध्ये मी पगारपत्रकं पाहिलीत, कामगारांच्या आधार कार्डांच्या स्कॅन कॉपी पाहिल्यात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा राहू द्या बाजूला, दुसऱ्याच्या बायकापोरांचे कागद आपल्या अभ्यासिकेत फिरू द्यायचे नसतात, एवढं साधं आहे. आणि साधं डिलीट किंवा झटपट फॉरमॅट म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच राहतात. विंडोज १० च्या रिसेटमध्ये सगळं काढून टाका असा पर्याय निवडल्यावर आत आणखी एक खटका असतो, ड्राइव्ह साफ करण्याचा. तो चालू केला नाही तर डेटा परत काढता येतो. तो चालू केला की फिरत्या डिस्कवर कित्येक तास लागतात, म्हणून घाईतला माणूस तो सोडून देतो.

मी वेगळं करतो. या वयाच्या मशीनमध्ये जुनी फिरती डिस्क ठेवायचीच नाही. २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, घाला. एका बदलाने मशीनचं वय अर्धं होतं. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरला हळू म्हणणारे बहुतेक लोक प्रोसेसरला नाही, डिस्कला शिव्या देत असतात. काढलेल्या डिस्कवर रात्रभर शून्यं लिहायला लावा, मग तिची तब्येत बघा. तब्येत दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर आहेत, त्यांत ती किती तास चालली तेही दिसतं. वर्षाचे तास ८,७६०. डिस्कने ३५ हजार दाखवले तर ती चार वर्षं अखंड फिरलीय असं धरा. खराब सेक्टर (डिस्कवरचे निकामी झालेले तुकडे) शून्य असतील तर कारखान्याच्या हिशोबाची जादा प्रत ठेवायला वापरा. एक जरी वाढत असेल तर ड्रिलने भोक पाडा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

रॅम आठ जीबी करा. ३०२० ला डीडीआर-३ लागते, ३०५० आणि ३०६० ला डीडीआर-४, एकमेकांत बसत नाही. तुमच्यातला एखादा छोटा मायक्रो डबा असेल तर त्यात लॅपटॉपची रॅम जाते, म्हणून बाजारात जाताना झाकण उघडून जुनी पट्टी सोबत न्या. भाव महिन्याला बदलतात, त्यामुळे आकडा लिहीत नाही.

आता तुम्ही विचारलेल्या विंडोज ११ कडे. मायक्रोसॉफ्टच्या अटींप्रमाणे त्याला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय), सिक्युअर बूट (चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ३०२० चौथ्या पिढीतला, ३०५० सहाव्या-सातव्या. म्हणजे सहांपैकी रीतसर बसणारा एकच, ३०६०, आणि तोच कुलपात. नशीब म्हणतात ते हे.

अटी चुकवून ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, मला येतात, कुणालाही दहा मिनिटांत सापडतात. स्वतःच्या घरी, स्वतःच्या जबाबदारीवर करणाऱ्याला मी अडवत नाही. पण ज्या मशीनवर दुसऱ्या कुणाचं काम अवलंबून आहे तिथे मी करून देत नाही. अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच असा शब्द मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीचं मोठं अपडेट हाताने ढकलावं लागतं. ते ढकलायला फोन मला येतो, ऐन गड्ड्याच्या यात्रेत.

मग १० च ठेवू? विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. त्यासाठी मशीन विंडोज १० च्या शेवटच्या २२एच२ आवृत्तीवर हवं, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि कंपनीच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला ती मिळत नाही. एवढं करून हाती येते ती थोड्या महिन्यांची उधारी. आणि विंडोज ७ ची तर गोष्टच सोडा. त्याचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, पैसे भरून मिळणारी वाढीव मुदतही जानेवारी २०२३ मध्ये. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. अभ्यासिकेतल्या मुलाने परीक्षेचा फॉर्म भरताना साइट अर्धवट उघडली तर तो तुम्हाला शिव्या देईल, विंडोजला नाही.

इथे माझं मत थोडं वेगळं पडतं. दुकानातले बरेच जण तुम्हाला म्हणतील, क्रॅक मारून सगळ्यांवर १० टाका, कोण बघतंय. मी सांगेन की सहाही मशीनवर एकच काहीतरी टाकायचा हट्ट सोडा. काम बघा, मग ठरवा.

कारखान्याच्या ऑफिसात काय चालतं? टॅली, जीएसटीची विवरणपत्रं, ई-वे बिल, डिजिटल सहीचं टोकन, बिलं छापायचा डॉट मॅट्रिक्स. हे सगळं विंडोजभोवती उभं राहिलंय. तिथे रीतसर विंडोज हवं आणि नियमित अपडेट मिळणारं हवं, कारण त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहारही होणार. हे काम ३०६० चं, कुलूप निघालं तर. त्यातलं विंडोज १० रीतसर असेल तर ११ वर फुकट जातं. कुलूप निघेपर्यंत ३०५० वर विंडोज १० आणि वाढीव अपडेट घेऊन चालवा, पण ती तात्पुरती सोय समजा.

अभ्यासिकेत काय चालतं? ब्राउझर, यूट्यूबवरची व्याख्यानं, पीडीएफ, फोटो-सही ठरलेल्या केबीत बसवणं, मराठीत चार ओळी टाइप करणं. त्यासाठी चारही ३०२० वर मी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, टाकेन. मिंटची २२ ची मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेते, आठ जीबी रॅममध्ये ऐसपैस चालते, लायसनचा प्रश्नच नाही. लॉगिनच्या सेटिंगमध्ये पाहुण्यासाठीचं सत्र चालू करता येतं: मुलगा बसला, काम केलं, बाहेर पडला की त्याच्या फाइल, त्याचं उघडं राहिलेलं जीमेल, सगळं पुसलं जातं. मी अशीच एक अभ्यासिका लावून दिलीय. मुलांनी पहिल्या दिवशी "हे कुठलं विंडोज?" विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारायचं विसरले.

पण अडचणी लपवणार नाही. कृतिदेव किंवा श्रीलिपी या बिगर-युनिकोड फाँटांत टाइप केलेल्या जुन्या फाइल मिंटवर नीट उघडतील असं धरू नका. युनिकोड मराठी मात्र झकास चालतं, इनस्क्रिप्टनेही आणि उच्चाराप्रमाणेही. टायपिंगच्या परीक्षेचा सराव करून घ्यायचा असेल तर ते सॉफ्टवेअर कशावर चालतं हे आधी विचारा, बहुधा एक मशीन विंडोजचं ठेवावं लागेल. सगळ्यात जास्त डोकं खातो तो प्रिंटर. एचपीचा १०२० सारखा प्रिंटर एक जादा प्लगइन उतरवून घेतलं की चालतो. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारे काही जुने लेझर मात्र लिनक्सवर रडवतात. म्हणून आधी काही टाकूच नका. मिंट पेनड्राइव्हवरून तसंच चालू होतं, डिस्कला हात न लावता. तुमचा प्रिंटर, वायफाय, हेडफोन जोडून बघा. पटलं तर टाका.

विंडोज ७ किंवा त्याहून जुनं विंडोज जिवंत ठेवायची एक जागा मात्र मी मानतो. साखर पेठेत माझा एक जुना ग्राहक आहे, चादरीची डिझाइनं करतो. त्याचं जकार्डचं (मागावर नक्षी विणायचं) सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालतं, मागे पॅरलल पोर्टला हार्डवेअर लॉक (ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही असा खटका) लावलेलं, आणि बनवणारा धंदा सोडून गेलाय. ते मशीन बदला म्हणणं म्हणजे त्याला धंदा बदला म्हणणं. तिथे आम्ही नेटची वायर काढून पोर्टवर टेप लावला, डिस्कची हुबेहूब प्रत करून कपाटात ठेवली, आणि पेनड्राइव्ह एकच, तोही आधी दुसऱ्या मशीनवर तपासलेला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा तो नेटवर्कवरून, कुणी काही क्लिक न करता, एका मशीनमधून दुसऱ्यात शिरत होता. भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं, ज्यांनी घेतलं नव्हतं ते अडकले, आणि त्यांत विंडोज ७ वालेच सर्वाधिक. म्हणून "जुनं विंडोज, पण फक्त लॅनवर आहे, नेटवर नाही" याला मी सुरक्षित म्हणत नाही. त्याच लॅनवरचं दुसरं मशीन नेटवर असतंच. तुमच्या कारखान्यात असलं एखादं जुनं सॉफ्टवेअर असेल तर एक ३०२० त्यासाठी बाजूला काढा, त्यातलं विंडोज ७ तसंच राहू द्या, पण त्याला कुठलीही वायर नको.

आता रिसेट. विंडोज ७ मध्ये रिसेटचं बटणच नाही, ते विंडोज ८ पासून आलं. सात मध्ये कारखान्यातून आलेलं रिकव्हरी पार्टिशन असेल तर चालू होताना एफ-८ दाबून तिथे जाता येतं, पण ऑफिसांच्या आयटीवाल्यांनी सहसा स्वतःची प्रत टाकलेली असते, त्यामुळे ते मिळेलच असं नाही. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी असा रस्ता आहे. पासवर्ड नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूटमध्ये तेच सापडतं. तरी ऑफिसच्या मशीनवर मी ते वापरत नाही. आधीच्यांनी काय काय उलटसुलट केलंय कोण जाणे. रिसेट ६० टक्क्यांवर अडकून बसण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात पेनड्राइव्हवरून नवं टाकून होतं.

माझा क्रम सांगतो. आधी आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं विंडोज किंवा मिंटच्या साइटवरून घेतलेलं मिंट तयार करा, मित्राने दिलेली फाइल नको. मग बायोसमध्ये जाऊन तारीख बघा. २०१३ किंवा तसलंच काही दाखवत असेल तर बोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपलाय. बदलला नाही तर मशीन चालेल, पण कुठलीच सुरक्षित साइट उघडणार नाही, कारण तारखेशी प्रमाणपत्रं जुळत नाहीत. बाळ्यातला एक गडी दोनदा नेटवाल्याशी भांडून माझ्याकडे आला होता, दोष त्या बटणाएवढ्या सेलचा. मग डिस्कची सेटिंग बघा: डेलच्या ऑफिस मशीनवर बऱ्याचदा ती रेड (RAID) या पद्धतीवर असते, आणि तशी असली की मिंटला काही वेळा डिस्क दिसतच नाही. ती बदलून साधी एएचसीआय (AHCI) करा. जमेल तिथे बूट यूईएफआय (UEFI) या नव्या पद्धतीवर ठेवा. त्यानंतर एफ-१२ दाबून पेनड्राइव्ह निवडा, नव्या एसएसडीवर टाका, नेट जोडा.

अ‍ॅक्टिव्हेशनबद्दल थोडं. ३०५० वर विंडोज १० नव्याने टाकताना की मागितली तर माझ्याकडे की नाही असं सांगून पुढे जा, फक्त आवृत्ती तीच निवडा, बहुधा प्रो. रीतसर डिजिटल लायसन असेल तर नेट मिळताच आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. झालं नाही तर समजा की आधीच्या कंपनीचं विंडोज तिच्या घाऊक लायसनवर होतं, ते कंपनीसोबत गेलं. डब्यावरच्या विंडोज ७ च्या स्टिकरची की विंडोज १० ला चालायची ते दिवस सप्टेंबर २०२३ मध्ये संपले. आणि दोन-तीनशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या की घेऊ नका. त्यातल्या पुष्कळ अशाच कुठल्या तरी कंपनीच्या लायसनमधून फुटलेल्या असतात. कारखान्याच्या हिशोबाच्या मशीनवर तर नकोच. तुम्हाला कुणी ३०५० वर विंडोज ७ टाका असं सुचवलं तर त्याला एकदा टाकून दाखवायला सांगा. इन्स्टॉल सुरू झालं की कीबोर्ड-माउस मरतात, कारण सातच्या डिस्कमध्ये त्या यूएसबीचे ड्रायव्हरच नाहीत.

आपल्या गावाची म्हणून एक गोष्ट, कुठल्याच पुण्याच्या व्हिडिओत सांगणार नाहीत. मागाच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसात कापसाचे तंतू मशीनच्या आत नमद्यासारखे बसतात. मी प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवरून अख्खी गादी सोलून काढलीय. त्यात आपला एप्रिल-मे. तुमच्या मशीनचं झाकण आजच उघडा, अंगणात नेऊन ब्लोअर मारा, मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला. कारखान्याच्या खोलीत डबा जमिनीवर ठेवू नका आणि मागाच्या लाइनवरून त्याला वीज देऊ नका. ३०२० चा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बाजारातल्या साध्यासारखा नसतो, बोर्डला जाणारी पिन आठची आहे, चोवीसची नाही. उन्हाळ्यात एक उडाला की नवी पेठेत सहज मिळेल असं समजू नका. आणखी एक, पाचवं ३०२० सुट्या भागांसाठी घेऊन ठेवायचा मोह मला होतो तो यामुळेच.

जुनं मशीन कारखान्यात आधीपासून असेल आणि त्यातला टॅलीचा डेटा या नव्या मशीनवर आणणार असाल, तर नुसती बॅकअप फाइल घेऊन थांबू नका. ती दुसऱ्या मशीनवर उघडून, शेवटचं व्हाउचर दिसतंय हे डोळ्यांनी बघा, मगच जुन्याला हात लावा. दुकान नवीन होतं तेव्हा एका टॉवेल व्यापाऱ्याची बॅकअप मी घेतली होती, उघडून बघितली नव्हती. ती रिकामी निघाली. त्यांच्या मुनिमाने दोन महिन्यांची बिलं पुन्हा भरली, मी संध्याकाळी जाऊन शेजारी बसून आकडे वाचून दाखवायचो.

राहिला ३०६०. त्यावर आत्ता काहीही टाकू नका, कुणाला उघडायलाही देऊ नका. पडद्यावरच्या कंपनीच्या नावाचा आणि मागच्या सर्व्हिस टॅगचा फोटो काढा आणि डीलरला बिलासकट पाठवा. त्याला सांगा, कंपनीकडून ऑटोपायलटची नोंद काढून आण किंवा दुसरं आठव्या पिढीचं मशीन दे. सरळ डीलर असेल तर त्याच्याकडे कंपनीच्या आयटीवाल्याचा नंबर असतो, आणि नोंद काढणं तिकडे दहा मिनिटांचं काम आहे. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर तेवढ्या एका मशीनचे पैसे परत मागा. तो म्हणेल, "नेट न जोडता टाका, चालतंय." त्याला म्हणावं, चालतंय ते आम्हालाही माहीत आहे.